रानातल्या मास्तरांचा मान

(पक्षी सप्ताहात सदर, नागपूर येथे प्रौढ वाचकांच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



तुम्ही लांबून आलात. कोणी पारशिवनीकडून आले, कोणी उमरेडकडून, तर कोणी थेट अर्जुनी-मोरगावहून. धान कापणीला आलेले असताना घर सोडून येणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून लांबण लावत नाही. एका माणसाची हकिगत सांगतो. तिच्यातच तुमच्या-आमच्या कामाच्या काही गोष्टी येतील.

त्या माणसाचे नाव मारुती चितमपल्ली. तुमच्यापैकी काहींनी हे नाव ऐकले असेल. लोक त्यांना ‘अरण्यऋषी’ म्हणत. पण ते काही जटा वाढवून गुहेत बसलेले ऋषी नव्हते बरं का! ते जंगल खात्यात नोकरीला होते. खाकी कपडे घालत, दौऱ्यावर जात, सरकारी कागद लिहीत.

आता जंगल खात्याचा माणूस म्हटला की आपल्या मनात काय येते? खरे सांगायचे तर आधी भीतीच येते. नाकेदार आला म्हणजे कुऱ्हाड धरील, गाडी अडवील, मोळी टाकायला लावील. ही भीती उगीच आलेली नाही. इंग्रजांच्या राज्यात जंगलाला कायद्याचे कुंपण पडले. कालपर्यंत ज्या रानात आपली गुरे चरली, त्याच रानात आपण चोर ठरलो. जंगल खाते एका बाजूला, गाव दुसऱ्या बाजूला, असे पुष्कळ वर्षे चालले. स्वराज्य आले तरी ही सवय लवकर गेली नाही.

अशा खात्यात एक अधिकारी आला. तो गावात शिरला की आधी हाच प्रश्न विचारी : “दादा, या पाखराला तुम्ही काय म्हणता?”

विचारायचे आणि लिहून घ्यायचे, ही चितमपल्लींची जन्माची रीत. तीच आज सांगण्यासारखी आहे.

त्यांचा जन्म सोलापूरचा, ५ नोव्हेंबर १९३२ चा. सोलापूर म्हणजे गिरण्यांचे गाव. धूर, भोंगे आणि मागांचा खडखडाट. तिथे घनदाट जंगल कुठले? पण घरातच त्यांना पहिली शाळा मिळाली. आईला झाडापाखरांची माहिती होती. तिच्याकडून मुलाला रानाची गोडी लागली. पुढे ते कोइमतूरला वनखात्याच्या महाविद्यालयात शिकले आणि मुंबई राज्याच्या, मग महाराष्ट्राच्या, जंगल खात्यात लागले. तीस वर्षांहून अधिक नोकरी केली. १९९० साली उपमुख्य वनसंरक्षक म्हणून निवृत्त झाले. त्यानंतर बरीच वर्षे ते आपल्या या नागपुरातच राहिले. शेवटी सोलापूरला परत गेले आणि तिथेच १८ जून २०२५ रोजी, ९२ व्या वर्षी, वारले.

नोकरीत त्यांच्या बदल्या कुठे कुठे झाल्या, ते पहा. कोकणात पनवेलजवळ कर्नाळा आहे. १९६८ साली ते पाखरांचे अभयारण्य झाले. मेळघाट आहे, तिथे वाघ राखण्याचे काम १९७३-७४ पासून चालू आहे. नागझिरा आहे. आणि नवेगावबांध आहे. या चारही ठिकाणच्या उभारणीत चितमपल्लींचा हात लागला. पण त्यांचा जीव खरा रमला तो नवेगावला. म्हणून तिथे आपण जरा थांबू.

नवेगावबांध आज गोंदिया जिल्ह्यात आहे. तेव्हा गोंदिया वेगळा जिल्हा नव्हता, सारा मुलूख भंडाऱ्यात होता. तिथला तलाव फार मोठा आहे. चहूकडे डोंगर. हा तलाव कोणी बांधला? सरकारने नाही, इंग्रजाने तर नाहीच. तो बांधला कोळू पाटील कोहळी यांनी, दोन-तीनशे वर्षांमागे. कोहळी समाजाचे लोक पाणी अडवण्यात पटाईत. कुठे पाळ घालावी, पाणी कुठून सोडावे, कोणत्या बांधीला किती द्यावे, हे त्यांना पाठ. भंडारा-गोंदियाकडे जे जुने मालगुजारी तलाव आणि बोड्या आहेत, त्या पुष्कळशा अशाच जाणत्या हातांनी झाल्या. त्या हातांना लिहिता येत नव्हते. पण पाणी कोणत्या उताराने पळते, हे त्यांनी जमिनीवरच वाचले होते.

चितमपल्ली नवेगावला आले, तेव्हा तिथे माधवराव पाटील डोंगरवार नावाचे जाणते गृहस्थ होते. जंगलाची, तलावाची, जनावरांची त्यांना जन्माची माहिती. साहेबाने पाटलांना शिकवायचे, असा नेहमीचा रिवाज. इथे साहेब पाटलांच्या मागे मागे हिंडला. ढिवरांच्या डोंग्यात बसला. कोणता मासा कुठे असतो, कधी अंडी घालतो, कोणते पाखरू कोणता मासा खाते, हे ढिवरांकडून ऐकले. गोंडांकडून झाडे शिकला. पारध्यांकडून पाखरांच्या सवयी शिकला. जे ऐकले ते वहीत उतरवले, आणि मग आपल्या डोळ्यांनी ताडून पाहिले. १९७५ साली नवेगाव राष्ट्रीय उद्यान झाले.

राष्ट्रीय उद्यान म्हणजे काय, तेही सांगतो. ती सार्वजनिक राखीव जमीन. ती राजाची नाही, सावकाराची नाही, ठेकेदाराची नाही. ती सगळ्या देशाची. तिथली झाडे, जनावरे, पाणी हे सगळ्यांसाठी आणि पुढच्या पिढ्यांसाठी राखायचे. बोलायला हे सोपे आहे. पण ‘सगळ्यांची’ जमीन म्हणजे नेमकी कोणाची? मुंबईहून मोटारीने येऊन वाघ पाहून जाणाऱ्याची? की जिच्या काठावर आपली झोपडी आहे त्या आपली? हा प्रश्न तुमच्या मनात येतो. आमच्याही मनात येतो. त्याकडे पुढे वळू.

आधी चितमपल्लींनी या माहितीचे केले काय, ते ऐका. पुष्कळ अधिकारी अहवाल लिहितात. अहवाल कपाटात जातो आणि कपाटात वाळवी लागते. यांनी पुस्तके लिहिली, आणि तीही मराठीत. ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘जंगलाचं देणं’, ‘रानवाटा’, ‘रातवा’, ‘चकवा चांदणं’. ‘रातवा’ हे एका पाखराचे नाव आहे. ते संध्याकाळी पायवाटेवर जमिनीला चिकटून बसते आणि पायाजवळ आल्यावर फुर्रकन उडते. ते तुम्ही कितीदा तरी पाहिले असेल. आपल्या वाटेवरचे पाखरू पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर नाव म्हणून येते, ही आम्हांला फार मोठी गोष्ट वाटते.

मग त्यांनी ‘पक्षिकोश’ केला. कोश म्हणजे शब्दांची पेढी. एकाच पाखराला मराठीत काय म्हणतात, हिंदीत काय, संस्कृतात काय, आणि गावोगाव काय काय म्हणतात, ते एका जागी लिहिले. विचार करा, नाव का महत्त्वाचे? ज्याचे नाव ठाऊक नाही ते पाखरू मेले काय आणि राहिले काय, कोणाच्या लक्षात येत नाही. शाळेतल्या मास्तरांनी हजेरी घ्यायची तर नावे हवीत. नावच नसेल तर गैरहजर कोण, हे कळणार कसे?

जिथे मराठीत शब्द नव्हता, तिथे त्यांनी नवा घडवला. कावळ्यांची वस्ती असते त्या झाडाला त्यांनी ‘काकागार’ म्हटले. बगळे, करकोचे यांच्या वस्तीला ‘सारंगागार’. शब्द थोडे जड आहेत, असे आम्हांला वाटते. आपल्या बाया ‘बगळ्यांचं झाड’ म्हणतात, तेही काही वाईट नाही. पण इंग्रजी शब्दावाचून अडता कामा नये, ही त्यांची जिद्द पहा.

आणखी एक गोष्ट. ही खास तुमच्यासाठी. चितमपल्ली संस्कृत शिकले ते लहानपणी नव्हे. मोठेपणी, नोकरी सांभाळून, शास्त्रीबुवांपुढे बसून शिकले. जर्मन आणि रशियन भाषांचाही त्यांनी अभ्यास केला. कशासाठी? तर हंसदेव नावाच्या एका जुन्या जैन पंडिताने पशुपक्ष्यांवर संस्कृतात ग्रंथ लिहिला होता, ‘मृगपक्षिशास्त्र’. असले ग्रंथ मुळातून वाचता यावेत म्हणून. पुढे त्यांनी तो ग्रंथ मराठीत आणला. तुमच्यातल्या काही जणी म्हणतात, “आता या वयात कुठली अक्षरं डोक्यात राहतात हो!” त्यांनी हे ध्यानात घ्यावे. मिशा फुटल्यावर बाराखडी गिरवणारे साहेबही असतात.

असे हे जंगल खात्याचे गृहस्थ २००६ साली सोलापूरला भरलेल्या ७९ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२५ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. आणि त्याआधी, २०२० साली, महाराष्ट्र सरकारने ठरवले की दरवर्षी ५ नोव्हेंबर ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळायचा. ५ नोव्हेंबर हा चितमपल्लींचा जन्मदिवस. १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अलींचा. सलीम अली १८९६ साली मुंबईत जन्मले आणि आयुष्यभर भारतातली पाखरे पाहत, मोजत, लिहीत राहिले. त्यांनी इंग्रजीत जे शिकवले, ते शहरी शिकलेल्यांपर्यंत पोचले. चितमपल्लींनी मराठीत जे शिकवले, ते शाळामास्तरांपर्यंत आणि नाकेदारांपर्यंत पोचले. दोघेही मोठे. आपल्याला दुसरे जवळचे.

पद्मश्री मिळाली, हे छान झाले. पण ती दिल्लीची पावती. आम्ही म्हणतो, गावाची पावती वेगळी असते. गाव कोणाला मास्तर म्हणते? ज्याच्या सांगण्याने गावात काही बदलते त्याला. तर मग असे रानाचे शिक्षण गावात काय बदलू शकते, याची दोन-तीन उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण गिधाडांचे. तुमच्या लहानपणी गावाबाहेर ढोर टाकले की आभाळात गिधाडे घिरट्या घालत. थोड्या वेळात हाडे तेवढी उरत. आज गिधाड कोणी पाहिले? तरुणांनी तर पाहिलेच नसेल. कुठे गेली ती? कोणी बंदुकीने मारली नाहीत. दुखऱ्या गुराला सूज उतरावी म्हणून डायक्लोफेनॅक नावाचे औषध टोचत असत. ते गुरू मेले की औषध मांसात राही. ते मांस खाल्ले की गिधाडाचा मूत्रपिंडाचा रोग होऊन ते मरे. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. मेलेली भरून कशी निघणार? १९९० नंतरच्या थोड्या वर्षांत देशातली शेकडा नव्वदहून जास्त गिधाडे संपली. मग ढोरे सडू लागली, कुत्री माजली, कुत्री चावण्याची भीती वाढली. २००६ साली सरकारने हे औषध गुरांसाठी बंद केले. २०२३ साली किटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक ही आणखी दोन औषधे गुरांसाठी बंद झाली. मेलॉक्सिकॅम नावाचे औषध चालते, त्याने गिधाडाला धोका नाही.

आता सांगा, बंदीचा कागद दिल्लीत निघाला. तो गुराख्यापर्यंत नेणार कोण? औषध देणाऱ्याला “हे नको, ते दे” असे सांगणार कोण? तुमच्यातला ज्याला बाटलीवरचे नाव वाचता येते, तो. साक्षरता म्हणजे सही करणे एवढेच नाही, असे आम्ही जे नेहमी म्हणतो ते याचसाठी.

दुसरे उदाहरण मोहाचे. मार्च-एप्रिलात मोह गळतो. पहाटे बाया टोपल्या घेऊन निघतात. खाली वाकून फुले वेचतात. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, चार पायांचे जनावर वाटते. दरसाल आपल्या विदर्भात या दिवसांत माणसे जातात. घरातली कर्ती बाई जाते. ते दुःख पैशाने भरत नाही. म्हणून जाणती माणसे काय सांगतात? अंधारात जाऊ नका, चांगले उजाडल्यावर जा. एकट्याने जाऊ नका. मोठ्याने बोलत, गाणी म्हणत जा. एकाने उभे राहून लक्ष ठेवावे. मोहाच्या झाडाखालचा पाला जाळू नका, झाडून घ्या. तो विस्तव रात्री पसरतो आणि कोसभर रान जळते. त्या रानात पुढच्या वर्षीचा तेंदूपत्ता असतो, चारोळी असते आणि पाखरांची अंडी असतात.

तिसरे उदाहरण सांगताना आम्हांला जपून बोलावे लागते, कारण इथे बसलेल्यांचे नुकसान खरे आहे. रानडुकरे येतात. एका रात्रीत धान लोळवतात, हरभरा उकरतात. जागलीला बसून बसून माणूस दमतो. मग कोणीतरी सल्ला देतो, कुंपणाच्या तारेत करंट सोड. हे करू नका. त्या तारेला डुक्कर चिकटते तसा वाघ चिकटतो, बैल चिकटतो, शेजारच्याचा पोरगा चिकटतो. रात्री ओढ्यावरून परतणारा आपलाच भाऊ चिकटतो. कायद्याने तो गुन्हा आहे आणि तुरुंग आहे, ते वेगळेच. नुकसान झाले तर लगेच नाकेदाराला कळवा, पंचनामा करवून घ्या, कागदाची नक्कल जवळ ठेवा. भरपाई वेळेवर मिळत नाही, थोडी मिळते, ही तुमची तक्रार रास्त आहे. ती तक्रारही आता तुम्ही लिहून देऊ शकता. अंगठ्याच्या अर्जापेक्षा आपल्या अक्षरातला अर्ज जड असतो.

आता तो मघाचा प्रश्न. जंगल कोणाचे?

जंगल राखायचे म्हणून काही ठिकाणी गावे उठली, हे खरे आहे. मेळघाटात बोरी, कोहा, कुंड ही कोरकूंची गावे २००१ च्या सुमारास दुसरीकडे बसवली गेली. कोणाला नव्या जागी शाळा, दवाखाना, वीज मिळाली. कोणाला मोह आणि देव मागे राहिल्याची हुरहूर लागली. वाघ वाचला पाहिजे, असे आम्ही म्हणतो. पण वाघ वाचवण्याची सगळी किंमत एकट्या गोंडाने आणि कोरकूने मोजावी, हे आम्हांला मान्य नाही. २००६ साली वनहक्काचा कायदा झाला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने त्या कायद्याखाली २००९ साली आपल्या शेजारच्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. ते जंगल त्या गावाने तोडून विकले नाही. ग्रामसभेत बसून ठरवून राखले आणि वापरले. म्हणजे गावाच्या हाती जंगल गेले की ते संपतेच, असे नाही.

चितमपल्ली हे खात्याचे अधिकारी होते. त्यांनी मोर्चे काढले नाहीत. पण एक गोष्ट त्यांनी केली. रानाचे ज्ञान साहेबाकडे असते आणि गावाकडे फक्त कुऱ्हाड असते, हा समज त्यांच्या पुस्तकांनी मोडला. पुस्तकात ढिवराचे, पारध्याचे, गोंडाचे म्हणणे आदराने लिहिलेले आहे. ज्याला शिकवायचे त्याच्याकडून आधी शिकावे लागते. आमच्या साक्षरतेच्या कामातल्या पोरापोरींनाही आम्ही हेच सांगत असतो.

त्यांचे सगळेच म्हणणे डोळे मिटून घ्यावे, असे मात्र नाही. पावसाविषयी रानात चालत आलेल्या खुणा त्यांनी लिहून ठेवल्या आहेत. कावळ्याने आंब्यावर, करंजावर घरटे केले तर पाऊस चांगला, बाभळीसारख्या काटेरी झाडावर केले तर पाऊस कमी, अशी एक खूण. पावशा ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ ओरडू लागला की पाऊस जवळ आला, ही तर सगळ्यांना ठाऊक. यांतल्या काही खुणा खऱ्या ठरतील, काही ठरणार नाहीत. कावळ्याच्या घरट्यावर विसंबून कोणी बियाणे मातीत घालू नये, हवामान खात्याचा अंदाजही ऐकावा. पण पाच वर्षे तुम्हीच नोंद करून पहा ना! दर मे महिन्यात गावातली कावळ्यांची घरटी कोणत्या झाडांवर आहेत ते लिहा. पुढे पाऊस कसा झाला ते लिहा. मग खूण खरी की खोटी, हे नागपूरच्या माणसाला विचारायची गरज नाही.

अर्जुनीकडची मंडळी आली आहेत, म्हणून सारसाचे सांगतो. सारस म्हणजे उडणाऱ्या पाखरांत सगळ्यांत उंच. माणसाच्या छातीला, कधी डोक्यालाही लागेल एवढा. मान लाल, अंग राखी. जोडीने राहतो. पावसाळ्यात पाणथळीत, कधी थेट धानाच्या बांधीत घरटे करतो आणि बहुधा दोन अंडी घालतो. महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः गोंदिया-भंडारा या बाजूलाच उरले, आणि तेही थोडे. विजेच्या तारा, फवारणीची विषे आणि बुजवलेल्या बोड्या हे त्यांचे शत्रू. २०२१ साली इथल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने सारसाचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला. ते न्यायालय इथून, सदरहून, जवळच आहे. त्या मोठ्या इमारतीत तुमच्या बांधीतल्या पाखराबद्दल वकील बोलतात, हे तुम्हांला ठाऊक होते का?

पण न्यायालय काही घरट्यावर पहारा करू शकत नाही. घरटे शेतात असते. शेतकऱ्याने चार हात धान तसेच ठेवले, पोरांना गलोल घेऊन तिकडे जाऊ दिले नाही, कुत्र्यांना हाकलले, तर पिले उडतात. गोंदियाकडचे काही शेतकरी हे करतात. गावातली तरुण मुले सारस मोजायला हिंडतात. रानाच्या शिक्षणाचा असला प्रसार सरकारी पगारावर होत नाही.

तुम्ही इतक्या दूर नागपूरला आलातच, तर दोन गोष्टी पाहून जा. सदरच्या शेजारी सिव्हिल लाइन्समध्ये अजब बंगला आहे. तो १८६३ सालचा. तिथे पेंढा भरलेली पाखरे ठेवली आहेत. पाखरू हलत नाही, म्हणून त्याची चोच, पंख, पाय नीट पाहून घेता येतात. आणि इथूनच काटोल रोडने पुढे गेलात की गोरेवाड्याचा तलाव आणि जंगल लागते. शहराला पाणी मिळावे म्हणून हा तलाव शंभर वर्षांमागे झाला. तलावासाठी झाडे राखली आणि झाडांच्या आसऱ्याने मोर, नीलगाई, बिबटे राहिले. एवढ्या मोठ्या शहराच्या कुशीत बिबट्या राहतो आणि लोक नळाचे पाणी पितात, त्या दोहोंचे मूळ एकच. हे नागपूरकरांच्याही ध्यानात नसते. तसे पाहिले तर हे शहरच एका गोंड राजाने, बख्त बुलंद शहाने, वसवले. रानाच्या मुलखातून येऊन वसवले. तुम्ही इथे परके नाही.

आता कामाचे बोलू. बाहेर टेबलावर चितमपल्लींची काही पुस्तके ठेवली आहेत. अक्षर बारीक आहे, भाषा काही ठिकाणी अवघड आहे. एकट्याने वाचू नका. वर्गातल्या चौघांनी बसून, एकाने मोठ्याने वाचा आणि बाकीच्यांनी ऐका. अडेल तिथे थांबा. जिथे तुमच्या गावचे पाखरू येईल, तिथे वाद घाला. पुस्तकात लिहिले म्हणून ते बरोबरच, असे समजू नका.

प्रत्येक गावाला एक कोरी वही देत आहोत. पहिल्या पानावर गावाचे नाव आणि तालुका लिहा. मग गावात दिसणारी पाखरे, एका पानावर एक. त्याला तुमच्या बोलीत काय म्हणतात ते आधी लिहा. पुस्तकातले नाव ठाऊक असेल तर खाली लिहा, नसेल तर जागा सोडा. कधी दिसले, काय खात होते, कोणी सांगितले. सांगणाऱ्या म्हाताऱ्याचे किंवा म्हातारीचे नाव लिहायला विसरू नका. गोंडी नावे असतील तर गोंडीतच लिहा, आपल्या याच अक्षरांत लिहिता येतात. शुद्धलेखनाची भीती नको, ते आम्ही मागाहून पाहू.

वह्या होळीपर्यंत परत द्या. पारशिवनीच्या मंडळींची गाडी चार वाजता आहे. त्यांनी आपली वही आधी घ्यावी.